मुंगी पाळणे आणि मुंगीकडे जाणे



दृढीकरण संस्काराच्या तयारीवर्गात गेले काही रविवार एक प्रश्न पुन्हा पुन्हा येत आहे. पवित्र आत्म्याची सात दाने शिकवून झाली की एखादा मुलगा हात वर करतो आणि विचारतो, "टीचर, घरी मुंग्या पाळल्या तर चालतील का?" मिस्सा संपल्यावर त्याची आई आम्हाला बाजूला घेते आणि तोच विषय काढते: "घरात मुंगी दिसली की आम्ही पावडर टाकतो, आणि हा म्हणतो विकत आणू! तुम्हीच समजवा याला."

कोणाला समजवायचे तर आधी आपल्याला समजायला हवे. म्हणून आम्ही धर्मशिक्षकांनी मिळून या छंदाची माहिती काढली, पवित्र शास्त्र उघडले आणि आपसांत चर्चा केली. त्यातून आमचे जे मत झाले ते आज येथे मांडत आहोत. मत ठाम आहे, पण ते मुलांच्या विरोधात नाही, हे आधीच सांगतो.

छंद आहे तरी काय

मुलांनी मोबाइलवर जे पाहिले ते असे. पहिला पाऊस पडून गेला की पंखवाल्या मुंग्या वारुळातून बाहेर पडतात आणि हवेतच त्यांचे मीलन होते. नर लवकरच मरतात. राणी जमिनीवर उतरते, आपले पंख आपणच तोडून टाकते आणि एखाद्या भेगेत स्वतःला कोंडून घेते. पुष्कळ जातींची राणी पहिली पिले मोठी होईपर्यंत अन्नाचा कणही घेत नाही. उडण्यासाठी जे स्नायू होते, ते आता लागणार नाहीत. ते स्नायू आणि अंगातली चरबी झिजवून ती स्वतः जगते आणि अळ्यांनाही भरवते. आईने स्वतःला झिजवून लेकरांना वाढवणे आपल्याला नवे नाही, पण नखाएवढ्या जिवात ते पाहून आम्हीही थक्क झालो.

छंद करणारे लोक अशी राणी काचेच्या परीक्षानळीत ठेवतात. नळीच्या तळाला पाणी, त्यावर कापसाचा बोळा, मग राणी आणि तोंडाला पुन्हा कापूस. नळी अंधारात ठेवायची. कामकरी मुंग्या वाढल्या की सगळा संसार प्लास्टरच्या किंवा अ‍ॅक्रिलिकच्या मुंगीघरात हलवायचा. खायला साखरपाणी, मध, मेलेले किडे, आणि धान्य खाणारी जात असेल तर निरनिराळ्या बिया. मुंग्यांनी चढून बाहेर येऊ नये म्हणून काठाला गुळगुळीत लेप लावायचा.

हे काही आजचे नाही. इंग्लंडमध्ये सर जॉन लबक यांनी १८७० च्या दशकात काचांच्या मध्ये मुंग्या ठेवून त्यांचा अभ्यास केला. पेशाने ते बँकर होते आणि पार्लमेंटचे सभासदही. त्यांच्याकडची एक राणी सुमारे पंधरा वर्षे जगली. पुढे युरोपातल्या साध्या काळ्या बागमुंगीची एक राणी माणसाच्या देखरेखीत २८ वर्षांहून अधिक जगल्याची नोंद आहे. अमेरिकेत १९५६ मध्ये मुलांसाठी मुंग्यांची खेळण्यातली पेटी बाजारात आली आणि घराघरांत गेली. त्या पेटीसोबत फक्त कामकरी मुंग्या येत, राणी येत नसे. त्यामुळे काही महिन्यांत पेटी रिकामी होई.

नवे आहे ते इतकेच, की आता मुलांना साधी मुंगी नको आहे. मोठी हवी, लाल-काळी चमकणारी हवी, दूर देशाची हवी. आमच्या काळजीचे कारणही हेच आहे.

केनियातला खटला

एप्रिल २०२५ मध्ये केनियात पोलिसांनी आणि वन्यजीव खात्याने बेल्जियमच्या दोन तरुणांना पकडले. दोघांची विशीही उलटलेली नव्हती. त्यांच्याजवळ सुमारे ५,००० राणी मुंग्या सापडल्या, दोन हजारांहून अधिक नळ्यांमध्ये कापूस घालून बसवलेल्या. अशा बंदोबस्तात त्या दोन महिने जिवंत राहू शकल्या असत्या, असे तपास करणाऱ्यांनी सांगितले. त्याच सुमारास दुसऱ्या एका प्रकरणात आणखी दोघे जण सुमारे ४०० मुंग्यांसह सापडले. तरुणांचे म्हणणे होते की आम्ही हे छंदापोटी केले, कायदा ठाऊक नव्हता. न्यायालयाला ते पटले नाही. ७ मे २०२५ रोजी चौघांनाही प्रत्येकी दहा लाख केनियन शिलिंग दंड, नाहीतर बारा महिने कैद, अशी शिक्षा झाली.

त्या बहुतेक मुंग्या आफ्रिकेच्या मोठ्या धान्यवेच्या मुंग्या होत्या. राणीची लांबी दोन-अडीच सेंटीमीटर. २०२५ मध्ये ब्रिटनमध्ये अशा एका राणीला १७० पौंडांपर्यंत किंमत येत होती, म्हणजे आपल्याकडचे तेव्हाचे अठरा-एकोणीस हजार रुपये. एका मुंगीला!

ही मुंगी तेव्हा वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या यादीत नव्हती. हत्तीचा दात, वाघाचे कातडे यांवर पहारे होते. मुंगीकडे कोणाचे लक्ष नव्हते. केनियाच्या स्वतःच्या कायद्यात मात्र परवान्याशिवाय ती नेणे गुन्हा होता. ५,००० राण्या म्हणजे ५,००० वारुळांची शक्यता. निसर्गात त्यांतल्या बहुतेक मेल्याच असत्या, हे खरे. पण ज्या जगल्या असत्या, त्यांनी तिथल्या माळावर बिया इकडून तिकडे नेल्या असत्या आणि जमीन भुसभुशीत केली असती. तिथल्या मातीचे ते हक्काचे मजूर होते.

आता खटल्यातल्या त्या दोन मुलांकडे पाहा. आपल्या युवक संघातल्या मुलांएवढीच ती. दरोडेखोर नव्हेत, मुंग्यांवर जीव असलेली मुले. प्रेम असले की सगळे माफ, असे आपण सहज म्हणतो. पण ज्याच्यावर प्रेम आहे त्याला नळीत कोंबून विमानात चढवायचे, तर त्या प्रेमाला लोभाची बाधा झाली आहे. लोभ फक्त पैशाचा नसतो. सुंदर वस्तू आपल्याच टेबलावर असावी, हाही लोभच. दहा आज्ञांतली शेवटची आज्ञा शेजाऱ्याच्या मालावर डोळा ठेवू नका असे सांगते. केनियाचा शेतकरीही आपला शेजारीच आहे.

शलमोनाची मुंगी आणि पुण्याचे मैदान

ही बातमी वाचताना आम्हाला राहून राहून नीतिसूत्रांचा सहावा अध्याय आठवत होता. शलमोन आळशी माणसाला मुंगीपाशी जायला सांगतो, तिची रीत पाहायला आणि तिच्याकडून शहाणपण घ्यायला सांगतो. तिच्यावर कोणी मुकादम नसता ती उन्हाळ्यात आणि सुगीत आपले अन्न साठवते. तिसाव्या अध्यायात पृथ्वीवरच्या लहान पण शहाण्या प्राण्यांत पुन्हा तिचीच गणना आहे. शलमोनाच्या देशातल्या धान्य साठवणाऱ्या मुंग्या आणि केनियात पकडलेल्या राण्या एकाच कुळातल्या आहेत. ज्या मुंगीपासून शिकायला शास्त्राने पाठवले, तीच आज नळीत भरून विकली जाते!

या वचनामागे एक जुनी कथा आहे आणि ती आपल्या मराठी मुलखात घडलेली आहे. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात युरोपातले कितीतरी विद्वान म्हणत, की मुंग्या धान्य साठवतात हे खोटे आहे. त्यांच्या थंड देशांतल्या मुंग्या हिवाळ्यात नुसत्या पडून राहत. तेव्हा प्राचीन लोकांनी मुंग्यांचे कोष पाहिले आणि त्यांना दाणे समजले, शलमोनाचीही तीच गत झाली, असा त्यांचा निष्कर्ष होता. मग १८२९ साली पुण्यात कर्नल विल्यम हेन्री साइक्स सकाळी फिरायला गेले. लष्करी कवायतीच्या मैदानाजवळ पडीक जमिनीवर त्यांना गवताच्या बियांच्या लहान लहान राशी दिसल्या. पावसाने भिजलेले आपले कोठार मुंग्यांनी वाळवण घालावे तसे उन्हात आणून पसरले होते. साइक्स यांनी ते नीट पाहिले, लिहून ठेवले आणि पुढे लंडनच्या कीटकशास्त्राच्या नियतकालिकात छापले. मुंगीला त्यांनी जे नाव दिले, त्याचा अर्थच आहे दूरदृष्टीने तरतूद करणारी.

त्यानंतर डॉक्टर थॉमस जर्डन आले. लष्करी शल्यवैद्य असलेला हा माणूस काही काळ जालन्याच्या छावणीत होता. तेव्हा जालना निजामाच्या हैदराबाद राज्यात होते. आपल्या धर्मग्रामातल्या काही घरांची मुळे त्याच बाजूची आहेत. १८५१ मध्ये जर्डन यांनी दक्षिण हिंदुस्थानातल्या मुंग्यांची यादी प्रसिद्ध केली आणि त्यांनीही बिया साठवणाऱ्या मुंग्यांविषयी लिहिले. १८७३ मध्ये मॉग्रिज या इंग्रज अभ्यासकाने दक्षिण फ्रान्समधल्या धान्यवेच्या मुंग्यांवर पुस्तक लिहिले, तेव्हा कुठे युरोपातली शंका फिटली.

शास्त्रवचनाची बाजू राखली गेली ती अशी. मोठमोठ्या ग्रंथालयांत बसून जे कळले नाही, ते पुण्याच्या मैदानावर थांबून पाहणाऱ्याला कळले. शलमोनाने सांगितले तेच साइक्स यांनी केले: ते मुंगीकडे गेले. मुंगीला आपल्याकडे आणणे ही वेगळी गोष्ट आहे. जो जातो तो वाकतो, थांबतो, दुसऱ्याच्या अंगणात पाहुण्यासारखा वागतो. जो आणतो तो मालक होतो.

राणी राज्य करत नाही

मुलांच्या बोलण्यात आम्ही एक शब्द सारखा ऐकतो: माझे साम्राज्य. व्हिडिओत तसे म्हणतात. पण राणी मुंगी राज्य करतच नाही. ती अंडी घालते. कोणाला हुकूम सोडत नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या डेबोरा गॉर्डन यांनी अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात धान्यवेच्या मुंग्यांचा कित्येक वर्षे अभ्यास केला. दाणा घेऊन परतणाऱ्या मुंग्या किती लवकर लवकर भेटतात, यावरून आतल्या मुंग्या बाहेर पडायचे की नाही हे ठरवतात, असे त्यांना आढळले. कोणी मुकादम नाही, हे शलमोनाचे निरीक्षण आजही तंतोतंत टिकून आहे.

मग त्या पेटीत सत्ता कोणाची? पाळणाऱ्याची. उजेड त्याच्या हाती, पाणी त्याच्या हाती. परीक्षा आल्या, गावी गेले, आठवडाभर विसर पडला, तर हजारो जिवांचा निकाल लागतो आणि कोणाला आवाजही येत नाही. परमेश्वराने माणसाला सृष्टीवर अधिकार दिला, हे उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात आहे. पण पुढच्याच अध्यायात त्याला बागेत कशासाठी ठेवले तेही सांगितले आहे: मशागत करायला आणि राखण करायला. राखणदार रात्री जागा असतो. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' या परिपत्रात हाच मुद्दा मांडला, की माणसाचा अधिकार म्हणजे मनमानी नव्हे.

आपल्या मराठी भाषेने या बाबतीत फार मोठी गोष्ट एका शब्दात ठेवली आहे. आपण कुत्रा पाळतो, कोंबड्या पाळतो. आणि आज्ञाही पाळतो, उपवास पाळतो, दिलेला शब्द पाळतो. जिथे पाळणे आहे तिथे आधी स्वतःला बांधून घेणे आहे. जी राणी पंधरा-वीस वर्षे जगू शकते, ती दहावीतल्या मुलाने पाळायची म्हणजे काय? त्याचे कॉलेज होईल, नोकरी लागेल, लग्न होईल, तोवर तो शब्द पाळावा लागेल. आम्ही वर्गात हे सांगितले तेव्हा मुले गप्प झाली. एक मुलगी हळूच म्हणाली, "मग हे तर व्रतासारखं झालं." आम्ही म्हणालो, "होय बाळा, तसंच आहे."

नोहाचे तारू

एका हुशार मुलाने मात्र आम्हाला अडवले. तो म्हणाला, "टीचर, नोहाने तर सगळेच प्राणी पेटीत ठेवले होते!"

प्रश्न चांगला होता, आणि त्याच्या उत्तरातच आम्हाला आमचे मत सापडले. नोहाने प्राणी तारवात घेतले ते बुडत्या जगातून वाचवण्यासाठी. ते त्याच्या शोभेसाठी नव्हते. आणि पाणी ओसरल्यावर, जमीन कोरडी झाल्यावर परमेश्वराच्या सांगण्यावरून त्या तारवातून सगळे जीव बाहेर आले आणि पृथ्वीवर पसरले. नोहाच्या पेटीला दार होते आणि ते उघडण्यासाठीच होते.

परदेशी मुंग्यांच्या पेटीचे दार कधीच उघडता येत नाही. चुकून उघडले तरी अनर्थ. हिंदी महासागरातल्या ख्रिसमस बेटावर बाहेरून आलेल्या पिवळ्या वेड्या मुंगीने तिथले एक कोटीहून अधिक लाल खेकडे मारले आणि जंगलाचा तोलच ढळला. हीच मुंगी २०२२ मध्ये तमिळनाडूत दिंडिगुल जिल्ह्यातल्या करंथमलई जंगलाच्या आसपासच्या गावांत इतकी माजली, की गुरांच्या डोळ्यांना इजा होत असल्याच्या तक्रारी शेतकऱ्यांनी केल्या. दक्षिण अमेरिकेची लाल आगमुंगी १९३० च्या दशकात जहाजांतून अमेरिकेच्या अलाबामा राज्यातल्या मोबिल बंदरात उतरली आणि तिथून सारा दक्षिण भाग व्यापून बसली. या मुंग्या कोणी छंदासाठी आणल्या नव्हत्या, त्या मालासोबत आल्या. मग मुद्दाम पैसे देऊन आणणाऱ्याने किती जपायला हवे? चीनमध्ये ऑनलाइन विक्रीचा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे ५९ हजार वसाहतींची विक्री नोंदली गेली, आणि विकलेल्या जातींपैकी चौथ्या हिश्श्याहून जास्त त्या देशाबाहेरच्या होत्या.

हैदराबाद थंड देशातले शहर नाही. इथे ऊन आहे, पाऊस आहे, खडकांच्या कपारी आहेत. उष्ण देशाची मुंगी इथे सुटली तर थंडीने मरेल, ही आशा धरता येत नाही. आपण तिसऱ्या मजल्यावर राहतो, खाली वॉचमनचे कुटुंब जमिनीवर झोपते. पेटीतून सुटलेली मुंगी आधी कोणाच्या अंथरुणात जाईल, याचाही विचार ख्रिस्ती माणसाने करायला हवा.

कायद्याचेही सांगून ठेवतो. जिवंत कीटक परवानगीवाचून आपल्या देशात आणता येत नाहीत. त्यासाठी १९१४ चा विनाशकारी कीटक कायदा आहे आणि त्याखालचा २००३ चा वनस्पती संगरोध आदेश आहे. पार्सलवर "खेळणी" लिहून आलेली राणी ही चोरीछुपे आलेलीच राणी. अमुक प्राणी यादीत नाही म्हणून मोकळीक आहे, असे जो म्हणतो त्याला परूश्यांची आठवण करून द्यावी. नियमातली फट शोधणे ही त्यांची सवय प्रभूला कधीच आवडली नाही.

म्हणून आमचे मत एका वाक्यात असे: ज्या पेटीचे दार आपल्याला कधीच उघडता येणार नाही, ती पेटी घरात आणू नये.

मोठ्यांसाठी दोन शब्द

मुलांना इतके सांगितल्यावर मोठ्यांनाही काही सांगणे भाग आहे. स्वयंपाकघरात आपण खडूची विषारी रेघ ओढतो, पावडर शिंपडतो आणि सकाळी शेकडो मुंग्या झाडून टाकतो. तेव्हा आपल्याला पाप-पुण्य आठवत नाही. मुलाने नळी आणली की मात्र आपण प्राण्यांचा छळ या विषयावर प्रवचन देतो. मुलांना हा दुटप्पीपणा दिसतो. डब्याचे झाकण घट्ट लावावे, सांडलेली साखर पुसावी, जिथून मुंग्या येतात ती भेग बुजवावी. एवढ्याने पुष्कळ काम होते. बाजारात कवडीमोलाने विकल्या जाणाऱ्या चिमण्यांचाही पित्याला विसर पडत नाही, असे प्रभू येशूने सांगितले. त्या पित्याला आपल्या ओट्यावरच्या मुंगीचा विसर पडत असेल, असे आम्हाला वाटत नाही.

दुसरे, मुलाला मुंगीत गोडी वाटते ही तक्रार करण्याजोगी गोष्ट नाही. तासन्‌तास मोबाइलवर अंगठा फिरवणारे मूल जर एका राणीने पहिले अंडे घालावे म्हणून महिनाभर वाट पाहायला तयार असेल, तर ही धीराची शाळा आहे. ती बंद करू नका. तिला योग्य जागा द्या.

आपल्या अंगणातले वैभव

योग्य जागा कोणती? भारतातल्या मुंग्यांची जी यादी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली, तिच्यात ८२८ जाती-उपजाती आहेत. आपल्या भिंतीवरून, कढीपत्त्याच्या झाडावरून फिरणारा मोठा काळा मुंगळा त्यांतलाच. तो मावा किडीच्या अंगातून निघणारा गोड रस पितो आणि त्या बदल्यात तिचे रक्षण करतो. कोकणात ज्यांना हुमले म्हणतात त्या तांबड्या मुंग्या आपल्याच अळ्यांच्या रेशमाने झाडाची पाने शिवतात. आणि जर्डन यांनी १८५१ मध्ये जिचे वर्णन केले ती उडी मारणारी मुंगी दक्षिण भारतातली आहे. मोठे डोळे, लांब जबडे, उडी मारून शिकार. तिच्या वारुळात राणी मेली की काही कामकरीच झुंज देऊन अंडी घालण्याचा मान मिळवतात. २०१० मध्ये जगात पहिल्यांदा ज्या मुंग्यांचे जनुकीय आराखडे पूर्ण प्रसिद्ध झाले, त्यांत ही एक होती. परदेशी शास्त्रज्ञ जिच्यासाठी आपल्याकडे आले, तिला सोडून आपली मुले आफ्रिकेची मुंगी मागत आहेत!

तेव्हा आमच्या सूचना अशा.

पहिली: आधी एक वर्ष मुंगीकडे जा. चर्चच्या आवारात, टेकडीवरच्या खडकात, गच्चीवरच्या कुंडीत. चिमूटभर गूळ आणि चार तांदूळ ठेवा, वही घ्या. कोण आधी आले, किती वेळाने दुसऱ्यांना घेऊन आले, ऊन चढल्यावर काय झाले, हे लिहा.

दुसरी: त्यानंतरही पाळण्याची इच्छा राहिली तर आपल्याच अंगणातला मुंगळा पाळा. पहिल्या पावसानंतर दिव्याखाली पंख गळालेली राणी सापडते. मात्र दिव्याभोवती झुंबड करणारी प्रत्येक पंखवाली मुंगी नसते; पुष्कळदा ती वाळवी असते. मुंगीची कंबर बारीक असते, मिशा कोपरात वाकल्यासारख्या असतात आणि पुढचे पंख मागच्यांपेक्षा मोठे असतात. वाळवीचे चारही पंख सारखे. एकच राणी घ्या. जिथे सापडली ती जागा वहीत लिहून ठेवा. पुढे जमेनासे झाले तर तिला तिच्या कुटुंबासह त्याच जागी परत सोडता येते. या पेटीला दार आहे.

तिसरी: विकत घेऊ नका, विकू नका, दुसऱ्या प्रांतातूनही मागवू नका. निलगिरीची मुंगी हैदराबादेत परदेशीच आहे.

चौथी: ज्याने आधीच बाहेरची मुंगी आणली असेल, त्याने घाबरून ती नाल्यात किंवा बागेत सोडू नये. पेटी बंद ठेवावी आणि वनविभागाला किंवा एखाद्या कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागाला विचारावे. सोबत हवी असेल तर आम्हाला सांगा, आम्ही येऊ. कोणी ओरडणार नाही.

पाचवी सूचना पालकांसाठी: मुलाबरोबर एकदा तरी गुडघे टेकून बसा आणि मुंग्यांची रांग पाहा. १ सप्टेंबर हा सृष्टीच्या जतनासाठी प्रार्थनेचा दिवस, आणि ४ ऑक्टोबरला संत फ्रान्सिस असिसीकरांचा सण. या दोन दिवसांच्या मधल्या एका रविवारी मिस्सेनंतर अर्धा तास चर्चच्या आवारात सर्व वर्गांनी मुंग्या पाहाव्यात, असे आम्ही फादरांना सुचवले आहे. आजी-आजोबांसाठी खुर्च्या ठेवू. गूळ आमच्याकडून.

ज्या मुलाने पैसे साठवून ठेवले आहेत, त्याला आमचे सांगणे आहे: त्या पैशांतून एक चांगले भिंग घे. ते आयुष्यभर पुरेल, त्याला खायला घालावे लागणार नाही, आणि ते घेऊन तू कुठल्याही वारुळापाशी पाहुणा म्हणून जाऊ शकशील.

प्रार्थना करू या: हे परमेश्वरा, लहानात लहान जिवाला तू शहाणपण दिलेस. तुझी निर्मिती मुठीत धरण्याची आमची हाव कमी कर आणि वाकून पाहण्याची नम्रता आमच्या मुलांना व आम्हालाही दे. जे पाळायला घेऊ ते शेवटपर्यंत पाळण्याचे बळ दे, आणि जे आमचे नाही ते त्याच्या जागी राहू देण्याचा आनंद दे. ख्रिस्त आमच्या प्रभूच्या द्वारे. आमेन.